हजेरीनंतरची भेंडी

हजेरी संपते, हजेरीपत्रक मिटलं जातं, आणि मराठीचं पुस्तक उघडायच्या आधी जी पाच-सात मिनिटं उरतात ती तिची असतात. शब्दांची भेंडी. गाण्यांच्या भेंड्या एसटीच्या सहलीत आणि लग्नघरात मिरवतात. ही त्यांची साधी बहीण शाळेत रमली. तिला सूर लागत नाही, कडवी पाठ असावी लागत नाहीत. खडू, कागद, वीज, कपाटाची किल्ली, यांतलं काहीही न मागता ती वर्गात येते. एकानं शब्द म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं शब्द म्हणायचा, आणि कुणी अडलं की समोरच्यांनी "भेंडी चढली!" म्हणून ओरडायचं. एवढ्यात तिचं सगळं आलं.

मी मूळचा सातारा बाजूचा. नोकरी मात्र बरीचशी वऱ्हाडातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, आणि वर्गातल्या ज्या सोबत्यांवर माझा जीव जडला त्यांत ही भेंडी फार वरच्या जागी आहे. तिच्याविषयी लिहावं असं पुष्कळ दिवस मनात होतं, कारण तिला वेळ घालवायचा खेळ समजणारी माणसं मला भेटत राहिली. भेटीला आलेले एखादे साहेब दारातूनच विचारतात, "अजून शिकवायला सुरुवात नाही केली?" शिकवणं तेव्हा सुरू झालेलं असतं.

तिच्या येण्याची वेळ नीट पाहिली पाहिजे. नुकताच परिपाठ झालेला असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. त्यातलं बरंचसं सगळ्यांनी एका सुरात म्हटलेलं असतं. मग रांगा मोडतात आणि मुलं बसकरपट्ट्यांवर येऊन बसतात. एकीचं मन घरी सोडून आलेल्या तान्ह्या भावापाशी, एकाचं हापशीवर झालेल्या भांडणात, तिसऱ्याचं शेळी व्यायली की नाही यात. अशा वर्गाला 'शांत बसा' सांगून मिळते ती फक्त तोंडाची शांतता. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधले लक्ष्मीराम मास्तर पहिल्या दिवशी मोठ्या आशेनं शांततेचा खेळ लावतात आणि तो साफ फसतो. वर्ग त्यांना सापडतो तो गोष्ट सुरू केल्यावर. भावनगरला याच गिजुभाईंसोबत काम करून ताराबाई मोडक महाराष्ट्रात परतल्या, १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम मांडलं, १९५७ मध्ये अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत नेलं, आणि पानं, बिया, शिंपले असं भोवतालचंच सामान शिकवायला घेतलं. भेंडी मला त्याच घराण्यातली वाटते. तिचं सामान तर बियांहून जवळ, मुलाच्या तोंडातच असतं.

मी म्हणतो, "पाऊस." मग रांगेनं येऊ लागतात: साप, पतंग, गवत, तवा, वारा, रस्ता, ताट, टोपली, लिंबू. खिडकीपाशी बसलेलं कुणीतरी "बाभूळ" म्हणतं आणि वर्ग थबकतो. एवढ्या वेळात शिवार येऊन गेलं, चूल येऊन गेली, बाजाराची वाट आणि बाजाराची टोपली येऊन गेली. पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर इतकी ये-जा नसते. आणि यांतला एकही शब्द शोधायला कुणाला पुस्तक उघडावं लागलेलं नाही. ज्याचा त्याचा शब्द ज्याच्या त्याच्या घरून आला. ज्या मुलाचं मन हापशीवर होतं तेही आता वर्गात असतं, कारण आपली पाळी यायच्या आत कोणतं अक्षर हाती पडणार आहे याकडे त्याला कान लावावाच लागतो. शेजारच्याचा शब्द इतक्या काळजीनं ऐकायला लावणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

बाभूळवर वर्ग थबकतो तो ळमुळे. ळ हा तिच्याकडचा लाडका आणि अडवणारा पाहुणा. मराठीत ळनं सुरू होणारा शब्द नाही, आणि ळवर संपणारे मात्र रानभर पसरलेत: बाभूळ, जांभूळ, तांदूळ, नारळ, आभाळ, वादळ, कपाळ, सकाळ. णचंही तसंच. वरण, पुरण, अंगण, रांजण, लसूण सगळे णवर येऊन थांबतात, आणि णनं सुरू होणारा रोजच्या बोलण्यातला शब्द कुणालाच सापडत नाही. मुलांना ही गोष्ट व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकाआधी भेंडी सांगते. दुसरीतली एक मुलगी मला म्हणाली होती, "सर, ळले समोर बसताच येत नाही. तो नेहमी मांगंच बसते." मराठीच्या ध्वनिव्यवस्थेतलं एक निरीक्षण ती तिच्या शब्दांत मांडत होती, आणि ते अचूक होतं.

मग पुढं जायचं कसं? इथं भेंडीचा स्वभाव दिसतो. ती नियम घेऊन येत नाही, वर्गाकडून करून घेते. मी पाहिलेल्या वर्गांत ळचा कायदा एकसारखा कधी नव्हता. एका वर्गात ळ आला की ल धरायचा आणि णऐवजी न. दुसऱ्यात एक अक्षर मागं सरकायचं, म्हणजे बाभूळवरून भ. आणखी एका वर्गात ज्यानं ळचा शब्द टाकला त्यानंच दुसरा शब्द द्यायचा, म्हणजे मुद्दाम अडवणाऱ्याला आळा बसावा. जपानी मुलं असाच एक खेळ खेळतात, शिरितोरी. जपानीत न् या ध्वनीनं शब्द सुरू होत नाही, म्हणून न्वर संपणारा शब्द जो म्हणेल तो तिथं हरतो. रशियातली मुलं शहरांच्या नावांची साखळी करतात; शेवटी असं अक्षर आलं की ज्यानं नाव सुरूच होत नाही, तर ती आधीचं अक्षर धरतात. अडचण सारखीच. एकीकडे तिला शिक्षा ठरली, दुसरीकडे तिच्यातून वाट काढली गेली. आमच्या मुलांना या दोन्हींतलं काही माहीत नव्हतं, तरी दोन्ही मतं आमच्या बसकरपट्टीवर हिरिरीनं मांडली गेली. "ळवाला बाद!" म्हणणारा एक पक्ष, आणि "मंग तांदूळ कोनी म्हनूच नाही काय?" म्हणणारा दुसरा. हात वर करून मोजणी झाली आणि तांदूळवाले जिंकले. नियम कसा होतो, कोण करतं, आणि तो सगळ्यांना का लागू पडतो, हे सारं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पुढच्या इयत्तांत येणार होतं. मुलांनी त्याचं कामकाज आधीच उरकून टाकलं.

तिचं खरं काम मात्र कानाशी चालतं. पहिलीच्या वर्गात सुरुवातीच्या दिवसांत तिला आणावं तर ती जमतच नाही असं वाटतं. मी "बैल" म्हणावं आणि पोरानं "गाय" म्हणावं. मी "पोळी" म्हणावं आणि पोरीनं "भाजी" म्हणावं. मूल अर्थ ऐकत असतं. घरात आजवर शब्दाचं कामच ते होतं: भूक लागली हे सांगणं, आईला हाक मारणं, कुत्र्याला हाकलणं. शब्दाला स्वतःचा आवाज आहे, त्या आवाजाला सुरुवात आहे आणि शेवट आहे, तो शेवट वेगळा काढून हातात धरता येतो, हे कळायची त्याला कधी गरजच पडलेली नसते. वाचायला शिकण्याच्या वाटेवरची ही पहिली मोठी पायरी. ध्वनींची जाण असं तिला प्रशिक्षणांत म्हणतात, आणि २०२१ मध्ये निपुण भारत अभियान आल्यापासून केंद्राच्या शिक्षण परिषदांत तिच्याविषयी बरंच बोललं जातं. मला ती पायरी चढताना मुलं दिसली ती भेंडीच्या सोबतीनं. महिना-दीड महिना बैलाला गाय, पोळीला भाजी असं चालतं. मग एका सकाळी मी "बैल" म्हणतो आणि मागून कुणीतरी "लसूण!" म्हणतं. त्या पोराचा चेहरा मी वर्णन करून सांगू शकत नाही. त्यानं शब्दाच्या आत पाहिलेलं असतं.

पुढचा टप्पा वेलांटीचा. 'नदी'चा शेवट 'दी', म्हणून मूल आधी 'दीपक' शोधतं, नाहीतर 'दीर'. मग एखादं धीट पोर नदीवरून "दगड" म्हणतं आणि वाद पेटतो. दीवरून द चालतो काय? जो चालतो म्हणतो त्याला समजलेलं असतं की दीच्या पोटात द आहे आणि त्याला वेलांटी लागलेली आहे. जो चालत नाही म्हणतो त्यालाही काहीतरी समजलेलं असतं, की दी आणि द ऐकायला वेगळे आहेत. बाराखडी घोकून घेताना हे दोन्ही मुद्दे मुलांच्या तोंडून कधी ऐकायला मिळत नाहीत. या वादात निकाल द्यायची मी घाई करत नसे. जोडाक्षराचं तर आणखीच मजेचं. 'वाक्य' आला की क्य धरायचा की य? 'रस्ता' आला की स्ता की ता? चौथीतली मुलं यावर गंभीरपणे बोलतात, आणि बोलता बोलता जोडाक्षर फोडून दाखवतात.

तिला मी इंग्रजीच्या तासालाही नेलं. "ॲपल" म्हटल्यावर मुलांनी "लायन" म्हटलं. कान बरोबर होता. पण ॲपलच्या स्पेलिंगचा शेवट ई, म्हणून पुढं एलिफंट यायला हवा. मराठीत कानावर भागतं, इंग्रजीत डोळ्यालाही सोबत घ्यावं लागतं. दोन भाषांच्या लेखनातला हा फरक मुलांना त्या तासाला समजला तो खेळ अडल्यामुळे. ई, ई, ई असा ईचा ढीग साचत गेला तसं एका मुलानं कंटाळून विचारलं की हा ई बोलतच नाही तर इंग्रजीवाले त्याला ठेवतात कशाला. चांगला प्रश्न होता. त्याचं उत्तर द्यायला इंग्रजीच्या इतिहासात शिरावं लागतं, आणि आम्ही जमेल तेवढं शिरलो.

द्विशिक्षकी शाळेत तिची किंमत फार. पहिली आणि दुसरी एका खोलीत, तिसरी आणि चौथी दुसऱ्या खोलीत, आणि एक शिक्षक बैठकीला गेला की चारही इयत्ता एकाच खोलीत. सगळ्यांना एकदम गुंतवेल असं पाठ्यपुस्तकात काही सापडत नाही. पहिलीला जमेल ते चौथीला कंटाळवाणं, चौथीला आवडेल ते पहिलीच्या डोक्यावरून जाणारं. भेंडी चौघांनाही बसवून घेते. ल आला, पहिलीतल्यानं "लाडू" म्हटलं काय आणि चौथीतलीनं "लोकशाही" म्हटलं काय, साखळी दोन्हींनी सारखीच पुढं जाते. मोठ्यांच्या शब्दाला जास्त गुण नाहीत. धाकट्यांना मात्र 'लोकशाही' हा शब्द त्या दिवशी फुकट मिळालेला असतो, आणि चार दिवसांनी तो कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडतो, कधी बरोबर जागी, कधी भलत्याच.

आता ज्या गोष्टीसाठी मी तिच्यावर इतका जीव टाकतो ती सांगतो.

वर्गात एक मुलगी होती. लिहिणं बरं, वाचणं बरं, बोलणं नाही. विचारलं तर मान हलायची. भेंडीत तिची पाळी आली की शेजारीण तिच्यासाठी शब्द म्हणायची आणि कुणी हरकत घ्यायचं नाही. एकदा भ आला. भाकर, भात, भिंत, भोपळा, भाऊ, भाला सगळं होऊन गेलं होतं, शेजारणीकडचाही साठा संपला, आणि ती मुलगी स्वतः म्हणाली, "भेदरं." मला तो शब्द माहीत नव्हता. मी गप्प राहिलो तसा सगळा वर्ग एकदम ओरडला, "टमाटर हाये ते, सर! तुमाले भेदरं माईत नाही काय?" नव्हतं माहीत. मग भेदऱ्याची चटणी कशी करतात, भेदरं कोणाच्या वावरात लावलं आहे, हे सगळं मला सांगण्यात आलं, आणि सांगणाऱ्यांत ती मुलगी पुढं होती. शिक्षकाला येत नाही असं काहीतरी आपल्याला येतं, हे मुलाला वर्गात कळायला फार थोड्या जागा असतात. भेंडी ही त्यातली एक.

माझ्याकडून तिथं एवढंच झालं की मी त्या शब्दाला बाद म्हटलं नाही. पुस्तकात टोमॅटो आहे, म्हणून टोमॅटोच म्हण, असं म्हणणं फार सोपं असतं आणि शाळाशाळांत ते रोज म्हटलं जातं. माझ्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी आयुष्य घातलं. त्या मूळच्या अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणच्या लोकांच्या बोलण्यातल्या फरकांवर त्यांनी डॉक्टरेट केली, आणि पुढं तिथंच १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. बोलीचा इतका बारीक अभ्यास केलेलं माणूस लहान मुलांना वाचायला शिकवायच्या कामाला लागतं, यात मला फार अर्थ दिसतो. मूल घरून जे बोलत येतं ते त्याचं भांडवल. ते दारातच काढून ठेवायला लावलं, तर मूल वर्गात रिकाम्या हातानं बसतं.

मेळघाटातल्या एका वर्गात हे आणखी स्पष्ट झालं. तिथली पुष्कळ मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकूचं मराठीशी रक्ताचं नातं नाही. ती मुंडा कुळातली भाषा, सातपुड्यातल्या डोंगरांत टिकून राहिलेली. साखळीत "झाड" आला आणि एका पोरानं "डा" म्हटलं. दोघा-तिघांनी लगेच हरकत घेतली: एका अक्षराचा कुठं शब्द असतो का, आणि तो मराठी नाही. पहिल्या हरकतीला वर्गानंच उत्तर दिलं, "ऊ असते ना डोक्यात!" दुसऱ्या हरकतीसाठी आम्ही एक नियम केला आणि तो नंतर मी प्रत्येक शाळेत नेला. शब्द कोणत्याही घरचा चालेल, मात्र आणणाऱ्यानं त्याचा अर्थ सगळ्यांना सांगायचा, सांगता आला नाही तर दाखवायचा. ते पोर उठलं, कोपऱ्यातल्या पाण्याच्या रांजणापाशी गेलं आणि त्यावर हात ठेवून उभं राहिलं. डा म्हणजे पाणी. शब्द मान्य झाला. वर डाचा शेवटही डाच, म्हणून पुढच्या मुलीला पुन्हा ड आला आणि तिला "डोंगर" सापडेपर्यंत घाम फुटला. पोरानं आपल्या भाषेच्या जोरावर वर्गाला अडवलं होतं. पुढं कितीतरी दिवस ड आला की सगळी मुलं, मराठी बोलणारीसुद्धा, आधी "डा" म्हणून घ्यायची.

तिच्यात उणिवा आहेत आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्यानं त्या ओळखून असावं. ती मोठ्या आवाजाला भुलते. मोकळी सोडली तर चार तोंडाळ पोरं तिला आपल्या मांडीवर घेऊन बसतात आणि बाकीचे बघे होतात. म्हणून पाळी रांगेनंच फिरली पाहिजे. तिला घाईही फार आवडते. समोरून एक, दोन, तीन अशी मोजणी सुरू झाली की अडखळत बोलणाऱ्या मुलाचा शब्द ओठांवर येऊन तिथंच अडकतो. मी मोजणी बंद केली. सुरुवातीला मुलांना ते मिळमिळीत वाटलं, मग सवय झाली, आणि अडखळणारी मुलंही पाळी घ्यायला लागली. अडलेल्याला "पास" म्हणायची मुभा ठेवली, आणि पास म्हणणाऱ्याला कुणी हसायचं नाही हे मात्र मी स्वतः ठरवलं; त्यावर मतदान घेतलं नाही. सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे तिला गुण लावणं. एका शाळेत भेंडीचे गुण वहीत टिपायला सुरुवात झाली, आणि पंधरवड्यात मुलं घरून शब्दांच्या याद्या पाठ करून येऊ लागली, तेच तेच शब्द, तेच तेच विजेते. खेळ नावापुरता उरला. तिला परीक्षेच्या कामाला जुंपू नये, एवढी विनंती मी प्रत्येक नव्या शिक्षकाला करतो.

नातेवाईक तिला पुष्कळ. नाव-गाव-फळ-फूल ही कागद-पेन्सिलवाली, रकाने आखून बसणारी. वेगळा शब्द लिहिला तर दहा गुण, दोघांचा सारखा आला तर पाच. ती घरी सुट्टीत शोभते, वर्गात वेळ खाते. शब्दडोंगर पुस्तकात राहतो, एकेक शब्द वाढवत पायऱ्या उतरतो. शांत स्वभावाचा आहे, लिहित्या हाताला चांगला. कानगोष्टीचा खेळ हसवून हसवून दमवतो, पण शेवटी हाती फक्त मोडका शब्द येतो. हिंदी अंताक्षरी १९९३ मध्ये झी टीव्हीवर गेली आणि घरोघर पोचली. शाळेतल्या या गरीब बहिणीला तिच्या वैभवाचा काही उपयोग झाला नाही, तोटाही झाला नाही.

वरच्या वर्गांत तीच भेंडी पोशाख बदलून येते. आज फक्त क्रियापदं. आज फक्त विशेषणं. आज फक्त महाराष्ट्रातली गावं, आणि गाव म्हटलं की नकाशावर बोट ठेवायचं. अकोला, लातूर, रायगड, डहाणू, नाशिक, कराड, डोंबिवली, लोणार, रावेर. लोणारपाशी हमखास थांबायला होतं, कारण तिथल्या सरोवराविषयी प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असतं, आणि उल्का पडून खड्डा कसा झाला हे मला पुन्हा एकदा फळ्यावर काढावं लागतं. यवतमाळ म्हणणारा ळची गोळी झाडतो. फलटण, कल्याण म्हणणारा णची. भूगोलाच्या तासाला आत शिरायला याहून चांगलं दार मला मिळालं नाही. मुलांच्या मनात त्या क्षणी नकाशा उघडलेला असतो, नद्या तेवढ्या भरायच्या उरतात.

ठ, ढ आणि झ ही तिची अवघड वळणं. झला झाड, झोका, झरा, झेंडू सापडतात. ठला ठिणगी, ठिगळ, ठेचा. ढवर मात्र भले भले थकतात. ढग, ढोल, ढाल, ढोर, ढेकूळ, ढेकूण, ढेप. इतकं झालं की वर्ग छताकडे बघायला लागतो. एकदा 'आषाढ'वरून असाच ढ आला, भेंडी चढली, आणि हरलेला गट फार हिरमुसला. घरचा अभ्यास म्हणून मी काहीच दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या रांगेतच एक मुलगा मला सांगू लागला की त्याच्याकडे ढचा शब्द आहे, आणि हजेरी होईपर्यंत त्याला धीर धरवेना. त्याची आजी मराठवाड्यातून लग्न होऊन इकडे आलेली. रात्री जेवताना त्यानं तिला ढ घातला होता, आणि तिनं माहेरच्या वाड्यातला शब्द काढून दिला होता: ढाळज.

वर्गाला माहीत नव्हता. मलाही पुस्तकातून माहीत होता तेवढाच. नियमाप्रमाणे त्यानं अर्थ सांगायला सुरुवात केली. मोठ्या दाराच्या आत बसायची जागा, असं म्हणाला, पण कुणाच्या डोळ्यांसमोर ती येईना. ओटा काय? नाही, ओटा भाईर असते. ओसरी काय? नाही, तशी नाही. शेवटी खडू घेऊन तो फळ्यापाशी गेला. आधी वाड्याचं दार काढलं, मग दारातून आत जाताना दोन्ही अंगांना उंच बसकी जागा काढली, मग तिच्यावर एक म्हातारा काढला, त्याच्या डोक्यावर पागोटं. आजीचा बाप, असं त्यानं सांगितलं. वर्गानं ढाळज मान्य केली. पहिल्या रांगेतल्या मुलीनं लगेच ज पकडून "जातं!" म्हटलं, मागून कुणीतरी "तं आला काय त?" म्हणून वाद उकरून काढला, आणि मराठीचं पुस्तक उघडायला आम्हाला त्या दिवशी आणखी थोडा उशीर झाला.